गॅरेजचा दरवाजा आणि गाडीची लिफ्ट

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. घराच्या नूतनीकरणात गॅरेजचे छत वर उचलून 11 फूट 6 इंचांवर नेले आहे. चार खांबांची लिफ्ट बसवून खाली सिव्हिक आणि वर कॅमरी ठेवण्याचा विचार आहे. दरवाजा 7 फूट उंचीचा, जुनाच आहे. तो आहे तसा चालेल असे कंत्राटदार म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : दरवाजा चालेल, पण त्याचे ट्रॅक, म्हणजे तो ज्यांतून सरकतो त्या पट्ट्या, चालणार नाहीत. नेहमीच्या बांधणीत दरवाजा उघडल्यावर जमिनीपासून साधारण साडेसात फुटांवर आडवा होतो आणि तितकाच लांब आत येतो. आता आपल्या गाड्यांची उंची मांडून पाहा : सिव्हिक 56 इंच, तिच्यावर 4 इंच मोकळी जागा, लिफ्टचा मंच सुमारे 6 इंच आणि कॅमरी 57 इंच, म्हणजे एकूण 123 इंच. याचा अर्थ वर नेलेली कॅमरी साडेपाच ते सव्वादहा फुटांच्या पट्ट्यात उभी राहील आणि उघडणारा दरवाजा थेट तिच्या अंगावर येईल.

म्हणून हाय-लिफ्ट ट्रॅक बसवून घ्यावेत. त्यांत दरवाजा आधी भिंतीला धरून सरळ वर चढतो आणि छताजवळ पोहोचल्यावरच आडवा वळतो. आपल्याकडे कॅमरीच्या वर 15 इंच उरतात. तेवढ्यात काम बसते, पण फारशी मोकळीक उरत नाही. केवळ ट्रॅक बदलून मात्र भागत नाही, कारण दरवाजा जास्त वेळ उभा लटकत असल्याने त्याच्या वजनाचा तोल बदलतो, आणि त्यासाठी दरवाजाची केबल गुंडाळणारे निमुळते ड्रम व त्यांना जुळणाऱ्या नव्या टॉर्शन स्प्रिंगा (दरवाजाचे वजन पेलणाऱ्या पिळाच्या स्प्रिंगा) लागतात. जुन्या स्प्रिंगा तशाच ठेवून पैसे वाचवू पाहणारा कारागीर भेटला, तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. पिळलेल्या स्प्रिंगेला स्वतःही हात लावू नये. ती सुटल्यास हाड मोडू शकते.

छताच्या मधोमध टांगलेला ओपनर, म्हणजे दरवाजा उघडणारी मोटरही काढावी लागेल, कारण त्याची लांब पट्टी गाडीवरच येते. त्याऐवजी स्प्रिंगेच्या दांड्याला बाजूने जोडणारा, भिंतीवर बसणारा ओपनर घ्यावा. दरवाजाखाली कोणी आल्यास तो थांबवणारे प्रकाशकिरणांचे सेन्सर जमिनीपासून 6 इंचांच्या आत असावे लागतात, त्यामुळे लिफ्टचे पुढचे खांब त्यांच्या आड येणार नाहीत हे खांब ठोकण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

मापे घेताना गाडीच्या छपरावरचा अँटेना विसरू नका. आणि पुढेमागे कॅमरीच्या जागी सीआर-व्ही घेण्याचा विचार असेल, तर ती सुमारे 66 इंच उंच असते. मग वर उरतात अवघे 6 इंच, आणि त्यांत उघडा दरवाजा मावत नाही.