वडिलांना हंटिंग्टन आहे, माझी मेमरी टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे मी सुटलो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, हल्ली मीटिंगमध्ये बोलता बोलता मधेच अडकायला होतं, आणि डॉक्टरांनी घेतलेल्या तीस मार्कांच्या टेस्टमध्ये २९ आले. हंटिंग्टन म्हणजे आईवडिलांकडून जीनमधून येणारा मेंदूचा आजार, त्यात हालचाली आणि विचार दोन्ही बिघडत जातात, आणि त्या २९ वरून तो आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. माझ्या आईला होता, माझी जीन टेस्ट पॉझिटिव्ह आहे, सीएजी रिपीट (त्या जीनमध्ये परत परत येणारा छोटा तुकडा किती वेळा येतो तो आकडा) ४२, हातपाय अजून ठणठणीत, पण दरवर्षी सायकॉलॉजिस्टसमोर दोन तास बसते, त्यामुळे या टेस्ट चांगल्याच ओळखीच्या झाल्यात.

कसंय, आजची तारीख काय, हे तीन शब्द लक्षात ठेवा, अशा प्रश्नांतून अल्झायमरसारखी विस्मृती पकडता येते. हंटिंग्टनमध्ये आधी मंदावतो तो विचाराचा वेग, आणि एका कामातून दुसऱ्यात शिरणं जड जातं. आईला शब्द आठवायचा नाही पण चार पर्याय दिले की बरोबर तोच उचलायची, म्हणजे आत असायचा, बाहेर काढणं जमत नव्हतं.

म्हणून यात महत्त्वाची ती चिन्ह-आकड्यांची टेस्ट. कागदावर वर नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली एक आकडा, आणि खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी, ९० सेकंदांत जमतील तेवढे आकडे भरायचे. पहिल्या वर्षी अर्ध्यावर आल्यावर तीन-चार चिन्हं पाठ झाली होती, आता शेवटपर्यंत नजर वरच्या ओळीकडे जातेच. प्रेडिक्ट-एचडी नावाच्या मोठ्या अभ्यासात जीन असलेल्या पण निदान न झालेल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासलं, तर निदानाच्या बरीच वर्षं आधीपासून अशा टेस्टमध्ये फरक दिसत होता. मग ती रंगांची, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला, आपण शाईचा रंग सांगायचा. ला... नि... निळा. सगळ्यांचीच जीभ घसरते हो, किती आणि कितीदा ते बघतात.

एकदाच्या आकड्याला फार अर्थ नसतो, तुमचाच आजचा आणि दोन वर्षांनंतरचा लावून बघायचा. आणि प्लीज मोबाईलवर प्रॅक्टिस करू नका, मी केली होती, मार्क वाढले आणि त्या वर्षीचा आकडा वाया गेला. झोप नसेल, डिप्रेशन असेल, नुसती धास्ती असेल तरी मार्क कमी येतात, त्यामुळे तुमच्या मीटिंगचं कारण तेही असू शकतं.

जीन तुमच्यात आहे का हे मात्र यातल्या कुठल्याच टेस्टने कळत नाही. ती शक्यता निम्मी-निम्मी, आणि ती रक्ताची तपासणी वेगळी, आधी काउन्सेलिंग होतं आणि न करण्याचाही हक्क आहे. ४० किंवा जास्त रिपीट आले तर आजार होतोच असं धरतात, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा नाहीही.

पुढच्या वेळी घरातलं कोणीतरी बरोबर न्या, कारण या आजारात स्वतःतला बदल बऱ्याचदा स्वतःला जाणवत नाही. गेल्या वर्षी मी छातीठोकपणे सांगितलं की काही फरक नाही, तर शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, ताई गाडी रिव्हर्स घेताना आता आम्हाला गप्प बसवते, रेडिओ पण बंद करायला लावते. मला पत्ताच नव्हता.