फ्रान्समधलं डेल्विल वुडचं दक्षिण आफ्रिकी स्मारक आणि संग्रहालय बघण्यासारखं आहे का?

हो, आणि नुसती कमान बघून परत फिरू नका. लाँगेवाल गावाला लागून असलेल्या या जंगलात जुलै 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत, दक्षिण आफ्रिकी ब्रिगेडचे सुमारे 3,100 सैनिक शिरले. सहा दिवसांनी शेवटी चालत बाहेर आले ते धड दीडशेही नव्हते. तोफांनी झाडं पार भुईसपाट केली. त्यातून वाचलेलं हॉर्नबीमचं एकच झाड आजही उभं आहे, ते आधी शोधा. आताचं जंगल नंतर लावलेलं, पण झाडांखाली खंदकांचे आणि खड्ड्यांचे खोलगट भाग सहज कळतात.

1926 चं स्मारक हर्बर्ट बेकरचं, म्हणजे दिल्लीतलं सचिवालय बांधणारेच. वरच्या पुतळ्यात दोन पुरुष एका घोड्याला धरून हातात हात देतात: इंग्रज आणि आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाचे तिथले गोरे). कृष्णवर्णीयांना त्यात जागाच नाही! मागचं संग्रहालय 1986 चं, केप टाउनच्या किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेलं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 2016 ची नावांची भिंत. स्मारकावर आधी नावंच नव्हती. भिंतीवर कृष्णवर्णीयांची नावंही गोऱ्यांच्या बरोबरीनं आहेत. त्यांत 'मेंडी' या जहाजावरचेही आहेत: 21 फेब्रुवारी 1917 ला ते बुडून सहाशेवर माणसं गेली, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय मजूर तुकडीतले. त्यांच्या हाती शस्त्र द्यायलाही सरकार तयार नव्हतं.

समोरच्या दफनभूमीत बऱ्याच शिळांवर नावच नाही. तिथेही वेळ ठेवा.