मागच्या तारखेचे प्रमाणपत्र घेऊ नका : अमेरिकेतील एकट्या ट्रकमालकाला सल्ला

प्रश्न : मी ग्रीनकार्डधारक असून न्यू जर्सीत राहतो. सहा वर्षे एका कंपनीच्या डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) नंबरखाली माझा ट्रॅक्टर-ट्रेलर चालवला. पाच महिन्यांपूर्वी ती कंपनी सोडली, स्वतःचा डीओटी आणि एमसी (आंतरराज्य मालवाहतुकीच्या परवान्याचा) नंबर काढला आणि चार महिन्यांपासून स्वतःच्या नावाने राज्याबाहेर माल नेतो आहे. आता नवीन वाहतूकदारांच्या सुरक्षा ऑडिटचे पत्र आले आहे, तीन आठवड्यांची मुदत आहे. कागदांच्या यादीत ड्रग आणि अल्कोहोल चाचणी कार्यक्रमाचा पुरावा मागितला आहे. मी एकटाच चालक, त्यामुळे हे मला लागू नाही असे समजत होतो. एका एजंटने फोनवर सांगितले की थोडे जास्त पैसे दिले तर चार महिन्यांपूर्वीच्या तारखेचे कन्सॉर्शियमचे (अनेक वाहतूकदारांच्या चाचण्या एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेचे) प्रमाणपत्र देतो. घ्यावे का? पुढच्या महिन्यात मेहुणाही ट्रक चालवायला येणार आहे आणि डिसेंबरात मी सहा आठवडे साताऱ्याला जाणार आहे. आईने पाठवलेले खसखशीचे अनारसे आणि तिकडचे खोकल्याचे औषध घरात असते. त्याने चाचणीत अडचण येईल का?

उत्तर : ते प्रमाणपत्र घेऊ नका. त्या एजंटशी लेखी किंवा तोंडी पुढे काही बोलूही नका. आज तुमच्याकडे आहे ती नियमभंगाची अडचण आहे, आणि ती निस्तरता येते. खोटा कागद ऑडिटरला दिलात की त्याच अडचणीचा फौजदारी गुन्हा होतो. वाहतूक नियमांच्या कलम ३९०.३५ नुसार फसवे किंवा जाणूनबुजून खोटे कागद देण्यास मनाई आहे. शिवाय केंद्रीय यंत्रणेला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तुम्ही ग्रीनकार्डवर आहात, म्हणजे अशा खटल्याचे परिणाम पुढे नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत पोचू शकतात. आणि हे खोटे टिकणारही नाही. कन्सॉर्शियमने तुमचे नाव रँडम यादीत (जिच्यातून सोडतीने अचानक चाचणीसाठी निवड होते) कधी घातले, त्या तिमाहीच्या सोडतीत ते होते का, क्लिअरिंगहाऊसमध्ये (चालकांच्या ड्रग-अल्कोहोल नियमभंगांच्या केंद्रीय नोंदवहीत) तुम्ही त्यांची नेमणूक कोणत्या दिवशी केली, या सगळ्याच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. प्रमाणपत्रावरची तारीख बदलली तरी या नोंदी बदलत नाहीत.

आता तुमच्या गैरसमजाकडे. कलम ३८२.१०३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की स्वतःलाच चालक म्हणून कामावर ठेवणाऱ्या मालकाने मालकाचे आणि चालकाचे असे दोन्ही नियम पाळायचे, आणि रँडम चाचणीसाठी दोन किंवा अधिक चालक असलेल्या गटात सामील व्हायचे. कारण उघड आहे. यादीत एकच नाव असेल तर सोडतीला अर्थ उरत नाही आणि चाचणी कधी होणार हे मालकाला आधीच माहीत असते. म्हणूनच एकट्या ट्रकमालकाला कन्सॉर्शियम लागते. जुन्या कंपनीत असताना तुम्ही त्यांच्या डीओटी नंबरखाली होतात, त्यामुळे त्यांच्या कार्यक्रमात आपोआप मोजले जात होतात. स्वतःचा नंबर घेतलात त्या दिवशी ती जबाबदारी तुमच्याकडे आली. (ज्या वाचकांची गाडी २६,००० पौंड किंवा त्याखालच्या वजन-क्षमतेची आहे आणि जिला सीडीएल (व्यावसायिक वाहनपरवाना) लागत नाही, त्यांना हा भाग लागू होत नाही. तुमच्या गाडीबद्दल तशी शंका नाही.)

आज ट्रक उभा करा. एखादा लोड वाटेत असेल तर ब्रोकरला कळवून दुसऱ्या वाहतूकदाराची सोय करा. कामाआधीच्या चाचणीचा निगेटिव्ह निकाल हातात येण्याआधी चालवलेली प्रत्येक फेरी हा नवा नियमभंग आहे. आजवरच्या फेऱ्या पुसता येणार नाहीत, पण ऑडिटचे पत्र हातात असताना केलेली फेरी तुमच्या प्रामाणिकपणावरच घाला घालील.

यानंतर क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण इथेच घोळ घालतात.

कन्सॉर्शियम निवडताना ‘डीओटी मान्यताप्राप्त’ या शब्दांना भुलू नका. सरकार कुठल्याही कन्सॉर्शियमला मान्यता देत नाही. प्रयोगशाळांना मात्र आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र लागते. त्यांना चार गोष्टी विचारा : सोडत किती वेळा काढता, माझ्या राज्याबाहेर असताना निवड झाली तर नमुना कुठे देता येईल, वैद्यकीय पुनरावलोकन अधिकारी (निकाल तपासून ठरवणारा डॉक्टर) कोण, आणि ऑडिटसाठी सोडतीची लेखी नोंद किती दिवसांत देता. उत्तरे टाळणारा माणूस स्वस्त असला तरी नको.

नाव नोंदवल्यावर कामाआधीची ड्रग चाचणी त्यांच्यामार्फतच घ्या. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये जाऊन साधी चाचणी देऊ नका. खासगी नोकरीसाठीची चाचणी इथे चालत नाही. फॉर्म केंद्रीय नमुन्याचा हवा, त्यावर एफएमसीएसएचा (ट्रकवाहतुकीच्या केंद्रीय सुरक्षा संस्थेचा) चौकोन आणि ‘कामाआधी’ हे कारण खुणावलेले हवे, मालक म्हणून तुमच्या कंपनीचे नाव हवे. सही करण्याआधी हे स्वतः वाचा. नमुना किमान ४५ मिलिलिटर लागतो आणि तुमच्यासमोर दोन बाटल्यांत विभागून सील होतो. चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान ९० ते १०० अंश फॅरनहाइट आहे का ते पाहतात. लघवी होत नसेल तर तीन तास थांबता येते आणि त्या वेळात ४० औंसांपर्यंत पाणी दिले जाते. आदल्या रात्रीपासून लिटरच्या लिटर पाणी पिऊन जाऊ नका, नमुना पातळ निघतो आणि प्रकरण विनाकारण लांबते. चाचणी सुरू झाल्यावर मधूनच निघून गेलात तर तो नकार धरला जातो आणि नकाराचे परिणाम पॉझिटिव्हसारखेच असतात.

या चाचणीतून एक सूट आहे. गेल्या ३० दिवसांत चालक डीओटीच्या चाचणी कार्यक्रमात असेल, गेल्या सहा महिन्यांत त्याची चाचणी झाली असेल किंवा बारा महिने तो रँडम यादीत असेल, आणि आधीच्या मालकाकडून त्याचे लेखी पुरावे मिळाले असतील, तर नवी चाचणी लागत नाही. कंपनी सोडल्यावर महिनाभरात हे सगळे केले असते तर तुम्हाला ती मिळाली असती. आता पाच महिने उलटले आहेत, म्हणून जुन्या कंपनीचे कागद शोधण्यात दिवस घालवू नका.

याच आठवड्यात क्लिअरिंगहाऊस. ही केंद्रीय नोंदवही ६ जानेवारी २०२० पासून सुरू आहे. नोंदणी करताना स्वतः चालवणारा मालक हा पर्याय निवडा, म्हणजे एकाच खात्यातून मालक आणि चालक या दोन्ही भूमिका निभावता येतात. सीडीएलचा तपशील भरा. मग कन्सॉर्शियमची नेमणूक करा. हे सर्वाधिक वेळा राहून जाते. कन्सॉर्शियमशी केलेला करार आणि क्लिअरिंगहाऊसमधली नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमणूक नसेल तर त्यांना तुमच्या वतीने चौकशी (नोंदवहीत चालकाचे नाव तपासणे) किंवा नोंद करता येत नाही, आणि ऑडिटरला तीच रिकामी जागा दिसते. त्यानंतर चौकशीचे क्रेडिट विकत घ्या. ते मालकालाच घ्यावे लागतात आणि एका चौकशीला १.२५ डॉलर लागतात. मग स्वतःची पूर्ण चौकशी करा आणि चालक म्हणून तिला ऑनलाइन संमती द्या. पुढे दर वर्षी किमान एकदा चौकशी पुन्हा करायची असते.

निगेटिव्ह निकाल, यादीत नाव असल्याची नोंद आणि स्वच्छ चौकशी हे तिन्ही हातात आले की ट्रक सुरू करा. एक चाचणी धोरणही लेखी ठेवा आणि ते मिळाल्याच्या पावतीवर चालक म्हणून सही करा. स्वतःच स्वतःला कागद देणे विचित्र वाटेल, पण ऑडिटर तो मागू शकतो.

ऑडिटबद्दल. कलम ३८५.३२१ मध्ये सोळा नियमभंगांची यादी आहे, त्यातले बहुतेक एकदा सापडले तरी ऑडिट आपोआप नापास. चाचणी कार्यक्रम नसणे आणि रँडम कार्यक्रम नसणे हे दोन्ही त्या यादीत आहेत. चाचणीच्या निकालाआधी चालवणे त्या यादीत नाही, पण तो वेगळा नियमभंग म्हणून मोजला जातो. ऑडिटच्या दिवशी कार्यक्रम खरोखर चालू असेल तर तुमची बाजू खूपच बरी होते. तरी मागच्या चार महिन्यांमुळे नापास होण्याची शक्यता उरते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. नापास झालात तर लेखी सूचना येते आणि साध्या मालवाहतुकीसाठी सुधारणा दाखवायला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत सुधारणा-आराखडा मान्य झाला नाही तर नोंदणी रद्द होते आणि गाडी रस्त्यावरून काढावी लागते. म्हणून आराखडा आजच लिहून ठेवा : काय चुकले, कोणत्या तारखेपासून चुकले, ट्रक कधी उभा केला, कोणती पावले कोणत्या तारखेला टाकली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. प्रत्येक वाक्यामागे एक कागद जोडा.

चार महिन्यांबद्दल विचारले तर खरे सांगा. तुमचे ईएलडीचे (चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचे) लॉग, बिल ऑफ लेडिंग (मालाची पावती), इंधनकराचे विवरण आणि टोलच्या पावत्या तुम्ही कधीपासून चालवता हे सांगतातच. लॉगमध्ये हात घालू नका. मुलाखतीआधी वाहतूक कायद्याचा जाणकार स्थानिक वकील गाठा आणि लेखी उत्तर त्याच्या नजरेखालून जाऊ द्या. वेळ हवी असेल तर पत्रावरच्या अधिकाऱ्याला लेखी मागा. पण पत्राकडे दुर्लक्ष करू नका : ऑडिटला नकार धरला गेला तर होकार देण्यासाठी फक्त १० दिवस मिळतात, मग नोंदणीवर गदा येते.

रँडमचे गणित असे : वर्षभरात यादीतल्या सरासरी चालकसंख्येच्या ५० टक्के इतक्या ड्रग चाचण्या आणि १० टक्के इतक्या अल्कोहोल चाचण्या. हा आकडा पूर्ण गटाचा आहे. तुमची निवड वर्षात दोनदाही होऊ शकेल किंवा एकदाही होणार नाही. निवडीचा फोन आला की लगेच केंद्रावर जायचे. ‘हा लोड टाकून उद्या येतो’ हे चालत नाही, आणि एकटा मालक आला नाही तर नकार ठरवण्याचा अधिकार कन्सॉर्शियमकडेच असतो. पुनरावलोकन अधिकाऱ्याचा फोनही अनोळखी नंबर म्हणून टाळू नका. संपर्क करा असे कळवूनही ७२ तास तुम्ही गप्प राहिलात तर तुमचे म्हणणे न ऐकता निकाल पॉझिटिव्ह ठरू शकतो. दुसऱ्या बाटलीची तपासणी मागायलाही निकाल कळल्यापासून ७२ तासच असतात.

साताऱ्याला जाताना पैसे वाचवायला नाव यादीतून काढू नका. ३० दिवसांपेक्षा जास्त यादीबाहेर राहिलात तर परत आल्यावर कामाआधीची चाचणी नव्याने द्यावी लागेल. जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा विमानाच्या तिकिटासह कन्सॉर्शियमला ईमेलने कळवा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा.

खसखस : हो, तिच्यामुळे लघवीत मॉर्फिन आणि कोडीन दिसू शकते. प्रमाण १५,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल, हेरॉइनची खूण नसेल, तर अमली सेवनाची वैद्यकीय लक्षणे आढळल्याशिवाय पुनरावलोकन अधिकारी पॉझिटिव्ह ठरवत नाही. त्याच्या वर गेले की ‘अनारसे खाल्ले’ हे कारण नियमानेच मान्य नाही. दिवाळीचे दोन अनारसे आणि वाटीभर खसखशीची खीर यांत फरक करा, आणि सीडीएल सांभाळायचे असेल तर खीर सोडून द्या.

कोडीनचे खोकल्याचे औषध भारतातून आणले असेल तर ते तिथे कायदेशीररीत्या घेतलेले आणि योग्य आजारासाठी वापरलेले हवे. डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानाचे बिल, दोन्ही तुमच्या नावाचे, जवळ ठेवा. आईच्या नावाची बाटली बचाव होत नाही. गांजाला मात्र कोणतीही चिठ्ठी चालत नाही. न्यू जर्सीत तो प्रौढांना कायदेशीर आहे, पण केंद्रीय नियमांखालच्या चालकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. होळीची भांग, विजया (भांगेचेच नाव) असलेली आयुर्वेदिक औषधे आणि सीबीडीचे (गांजाच्या रोपातल्या अर्काचे) तेल यांनाही हेच लागू. बाटलीवर काहीही लिहिलेले असो, पॉझिटिव्ह तो पॉझिटिव्ह. आणि १८ नोव्हेंबर २०२४ पासून क्लिअरिंगहाऊसमध्ये ‘प्रतिबंधित’ अशी नोंद झाली की राज्याला सीडीएलच काढून घ्यावे लागते.

मेहुण्याबाबत थोडक्यात. त्याची पूर्ण चौकशी त्याच्या ऑनलाइन संमतीने करा, कामाआधीची चाचणी घ्या, धोरणाच्या पावतीवर सही घ्या आणि यादीत त्याचे नाव घाला. हे सगळे त्याने पहिल्यांदा स्टीअरिंग धरण्याआधी. तो आला की तुम्ही त्याचे पर्यवेक्षक ठरता. म्हणून वाजवी संशय ओळखण्याचे प्रशिक्षण, अल्कोहोलसाठी ६० मिनिटे आणि ड्रगसाठी ६० मिनिटे, तुम्ही स्वतः घेतलेले हवे. एकट्या मालकाला त्यातून सूट होती, ती मेहुणा आल्यावर संपते. ऑडिट तीन आठवड्यांवर असताना त्याला घाईने बसवू नका. आधी तुमची फाइल पूर्ण होऊ द्या, मग त्याची उघडा.