बेंचकडे वळणारी मान

"मॅडम, हरणाऱ्या संघात चांगलं काय शोधायचं ते एकदा दाखवाच मला. सगळे म्हणतात शोधा. मला तरी काही दिसत नाही."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सर हे बोलून मोकळे झाले. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक, वय पंचेचाळीसच्या आसपास, एके काळी स्वतः उत्तम खेळलेले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.) हंगामातले १४ सामने झाले होते आणि त्यातले १२ हरले होते.

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कधी शिक्षक विचारतात, कधी पालक, कधी प्रशिक्षक. अपयश थांबायचं नाव घेत नाही, मग कौतुक करायचं तरी कशाचं? केलं तर खोटं वाटतं, नाही केलं तर मुलं खचतात. आणि या दोन्हींच्या मध्ये आपला स्वतःचा संताप उभा असतो, त्याचं काय करायचं?

सरांच्या अडचणी खऱ्या होत्या. गेल्या वर्षीचे तीन मुख्य खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडलेले. बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, म्हणजे सेंटरचा, गुडघा दुसऱ्याच सामन्यात गेलेला. हाताशी उरली होती पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं, आणि वरून व्यवस्थापनाचा तोच प्रश्न, "यंदा काय?" हे सगळं त्यांना पाठ होतं. "कळतं हो सगळं. पण सामना सुरू झाला की डोकं फिरतं. काल दोन तास घोटून घेतलेलं आज पहिल्या १० मिनिटांत विसरतात. मग मी ओरडतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. घरी गेल्यावर माझीच मला लाज वाटते."

इथे मी एक चूक केली. आमच्या व्यवसायात हमखास दिला जातो तो गृहपाठ मीही देऊन टाकला: प्रत्येक सामन्यानंतर तीन चांगल्या गोष्टी लिहून आणा. पुढच्या आठवड्यात सरांनी चार घड्यांचा कागद टेबलावर ठेवला. एक, सगळे वेळेवर आले. दोन, कपडे स्वच्छ होते. तीन, सामना एकदाचा संपला.

तिसरी वाचून मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

मी आणखी एक प्रयत्न करून पाहिला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक माइक शशेव्स्की मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते. १९८१-८२ च्या हंगामात त्यांच्या संघाने १० सामने जिंकले आणि १७ हरले. पुढच्या हंगामात ११ जिंकले, १७ हरले. १९९१ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि नंतर आणखी चार. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माहीत आहे. १९८२ मध्ये त्यांना चांगली पोरं मिळाली. मला कोण देणार?" मुद्दा बिनतोड होता. पुढे जिंकलेल्यांच्याच पराभवाच्या गोष्टी आपण सांगतो. आज हरलेल्याला त्या टोचतात, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

जाता जाता सहज म्हणून मी अमेरिकेतल्या कॅलटेकचं सांगितलं. शास्त्रज्ञ घडवणाऱ्या त्या संस्थेचा पुरुष बास्केटबॉल संघ १९८५ पासून आपल्या गटातले सलग ३१० सामने हरला आणि २२ फेब्रुवारी २०११ रोजी ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. "३१०?" सर म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. "म्हणजे मला अजून बराच वाव आहे." त्या हसण्यानंतर पुढचं काम जरा सोपं गेलं.

तिसऱ्या भेटीआधी मी त्यांना वेगळंच करायला सांगितलं. सहायकाने सामन्यात फोन खिशात ठेवायचा आणि फक्त सरांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. एका क्वार्टरचं, म्हणजे सामन्याच्या चौथ्या हिश्शाचं, ध्वनिमुद्रण आम्ही दोघांनी बसून ऐकलं. मी कागदावर तीन रकाने आखले: माहिती, कौतुक, नाराजी. "अरे!" "काय करतोस!" "डोकं कुठंय?" "बघ ना!" नाराजीच्या रकान्यात जागा पुरेना. मध्येच मी टेप थांबवून विचारलं, "हे 'बघ ना' आहे, त्यात त्याने काय बघायचं?"

"डावीकडे मोकळा उभा असलेला खेळाडू."

"ते तुम्ही म्हणालात का?"

सर गप्प झाले. दहा मिनिटांतल्या ४१ वाक्यांपैकी नेमकं काय करायचं ते सांगणारी ६ निघाली.

मग मी त्यांना एक अभ्यास सांगितला. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे १५ सराव पाहिले. त्यांच्या शिकवण्याच्या २३२६ कृती त्यांनी टिपल्या. बहुतेक वेळा वुडन काय करायचं आणि कसं करायचं तेच सांगत होते, तेही थोडक्यात. निव्वळ कौतुक जेमतेम ७ टक्के, आणि निव्वळ नाराजीही जवळपास तेवढीच. "म्हणजे कौतुक नाही केलं तरी चालतं?" सरांच्या आवाजात सुटका ऐकू आली. मी म्हटलं, घाई करू नका. तो एका प्रशिक्षकाचा सराव होता, सामना नव्हे, आणि समोर मुरलेले खेळाडू होते. पण एवढं त्यातून घ्या की खोटं कौतुक करायची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही. तुम्हाला जे दिसतं तेच नेमकं सांगा. आधी ते दिसायला मात्र हवं.

म्हणून त्याच सामन्याचं चित्रीकरण आम्ही आवाज बंद करून पाहिलं. मला खेळातलं फारसं कळत नाही, त्याचा इथे उपयोग झाला. मी बावळटासारखे प्रश्न विचारत होते. "हा मुलगा सारखा इकडे का बघतो?" हा मुलगा म्हणजे पॉइंट गार्ड, चेंडू पुढे आणणारा. चेंडू ड्रिबल करत तो मधली रेषा ओलांडतो, डावीकडचा जोडीदार मोकळा होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी गार्डची मान बेंचकडे वळते. पापणी लवते न लवते इतकाच वेळ. मान परत फिरेपर्यंत समोरचा खेळाडू मध्ये आलेला असतो. पास जातो तो थेट त्याच्या हातात.

सरांनी ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. मग स्वतःच मोजायला लागले. त्या सामन्यात गार्डच्या हातून ९ वेळा चेंडू गेला होता, त्यातल्या ५ वेळा आधी मान वळली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"मीच सांगतो त्याला," शेवटी म्हणाले. "माझ्याकडे बघत जा म्हणून."

मी काही जोडलं नाही. जोडण्यासारखं काही नव्हतंच.

त्याच चित्रीकरणात आणखी एक गोष्ट सापडली आणि तीही सरांनाच. पहिल्या वर्षाचा एक अंगाने भरलेला मुलगा, ज्याच्या नावावर त्या दिवशी २ गुण आणि १ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर हाती आलेला चेंडू. शॉट उडाला की बाकी सगळे चेंडूकडे बघतात, हा मात्र आपल्या माणसाला शोधतो, त्याच्याकडे पाठ करतो, बूड मागे टेकवून त्याला बास्केटपासून लांब धरून ठेवतो. चेंडू येतो दुसऱ्याच्या हातात, नोंद होते दुसऱ्याच्या नावावर. स्कोअरशीटवर या कामाला रकाना नसतो. "हा हे दरवेळी करतो?" सर स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे बघून, जरा खजील होऊन म्हणाले, "मी याला परवा बाहेर बसवणार होतो."

दुसऱ्या दिवशी सरावात त्यांनी त्या मुलाला बाजूला घेतलं. शाब्बास वगैरे काही म्हणाले नाहीत. एवढंच सांगितलं: "तिसऱ्या क्वार्टरला त्या उंच पोराला तू तीनदा अडवून धरलंस. तिन्ही रिबाउंड आपल्याला मिळाले." मुलगा म्हणाला, "सर, तुम्हाला दिसलं?"

हे मला सांगताना सरांचा आवाज जरा बदलला होता. तीन चांगल्या गोष्टींच्या माझ्या गृहपाठात काय चुकलं होतं ते मला तेव्हा उमगलं. मी त्यांच्याकडून समाधान मागत होते. त्यांना येतं ते निरीक्षण. इतकी वर्षं तयार झालेली नजर फक्त चुकांवर लावलेली होती. ती थोडी वळवायची होती, एवढंच.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आम्ही ठरवलं होतं की चेंडू खेळात असताना गार्डला हाक मारायची नाही. जे सांगायचं ते टाइमआउटमध्ये किंवा खेळाडू बाहेर आल्यावर, एका वाक्यात, आणि त्या वाक्यात क्रियापद हवं. हात रिकामे राहू नयेत म्हणून टॉवेल धरायचा. पहिल्या सामन्यात टॉवेल टिकला. दुसऱ्यात तो उडून कोर्टवर पडला आणि पंचांनी ताकीद दिली. पण खरी गंमत पहिल्याच सामन्यात झाली होती. सर गप्प बसलेले बघून टाइमआउटमध्ये गार्डने काळजीने विचारलं, "सर, बरं नाहीये का तुम्हाला?"

मला हे आधी सुचायला हवं होतं. रोज ओरडणारा माणूस अचानक गप्प झाला तर मुलांना ती शांतता वाटत नाही, सरांनी आपला नाद सोडला असं वाटतं. मग सरांनी सगळ्यांना एकत्र बसवून सरळ सांगितलं की माझ्या ओरडण्याने पास उशिरा जातात, चित्रीकरणात मोजलं आहे, म्हणून मी गप्प राहायचा प्रयत्न करतो आहे, चुकलो तर टॉवेल दाखवा. मुलांना हे फारच आवडलं. पुढच्या सरावात तीन जणांनी टॉवेल दाखवला, त्यातल्या एकाने विनाकारण.

हंगाम संपेपर्यंत त्यांनी आणखी दोनच सामने जिंकले. शेवटच्या सामन्यानंतर रात्री त्यांचा फोन आला. एका गुणाने मागे, घड्याळात ११ सेकंद. गार्डने चेंडू आणला. सर अर्धे उठले होते. मुलाने मान वळवली नाही, डावीकडे बघितलं आणि पास सरळ बास्केटखाली त्या अंगाने भरलेल्या मुलाकडे दिला. तो पूर्ण मोकळा होता. त्याने डाव्या हाताने ले-अप, म्हणजे बास्केटजवळून टाकायचा शॉट, टाकला, चेंडू रिंगवर नाचला आणि बाहेर पडला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? टॉवेल तोंडात होता." मग थोडं थांबून म्हणाले, "पास एकदम वेळेवर होता, मॅडम. सोमवारपासून त्या पोराचा डावा हात घ्यायचाय."

"पण हंगाम संपला ना?"

"हंगाम संपला. हात तसाच आहे."