सायकलवाल्याला चलान का नाही?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, शेती अवजारांचं छोटं दुकान आहे. मागच्या महिन्यात जालना रोडवर सिग्नल पिवळा झालेला बघून गाडी दामटली आणि मधेच लाल लागला. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पाचशे रुपयांचं ई-चलान आलं. चूक माझीच होती, पैसे भरले. पण चलानावरच्या फोटोत माझ्या डाव्या बाजूला एक सायकलवाला आहे, हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला. तोच लाल सिग्नल तो माझ्याही पुढं जाऊन ओलांडतोय. त्याला काहीच नाही! माझा भाचा सिडनीला असतो. तो म्हणतो, तिकडं सायकलवाल्यालाही सणसणीत दंड पडतो, हेल्मेट नसलं तरी. मग आपल्याकडं हा भेदभाव काहून? सायकलींनाही नंबरप्लेट लावा, लायसन द्या. रस्ता सगळ्यांचा, तर कायदा पण सगळ्यांना सारखा पाहिजे. तुमचं काय मत?
— एक वाचक

उत्तर : आधीच सांगून टाकतो, परभणीत मी अजून सायकलवरच कोर्टात जातो. त्यामुळं माझं मत जरा सायकलीकडं झुकलेलं वाटलं तर वाटू द्या.

तुमच्या फोटोतला तो डबा घेतलेला माणूस का सुटला, ते सरळ आहे. चलान येतं मोटार वाहन कायदा १९८८ खाली, आणि त्या कायद्यात मोटार वाहन म्हणजे यंत्राच्या जोरावर चालणारं वाहन. सायकल पायाच्या जोरावर चालते, म्हणून ती त्या कायद्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं वाढलेले आकडे, म्हणजे विनालायसन ५ हजार, पहिल्यांदा दारू पिऊन सापडलात तर १० हजारांपर्यंत, हे सगळे तुमच्या-आमच्या इंजिनाला लागलेले आहेत. शिवाय कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतो.

पण म्हणून सायकलवाला कायद्याबाहेर आहे असं समजू नका. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा. त्यात 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकल नाव घेऊन बसवलेली आहे. डाव्या बाजूनं चालण्याचा नियम तिलाही आहे, आणि चौकात उभ्या हवालदारानं हात दाखवला तर तिलाही थांबावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बघा. बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथं 'कोणतंही वाहन' असं लिहिलंय, मग ट्रक असो, बैलगाडी असो की सायकल. हयगयीनं कुणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, तेही दोघांना सारखंच. म्हणजे मोठ्या गुन्ह्यात तुम्ही म्हणता ती बरोबरी आहेच. फरक पडतो तो बारक्या चुकीत, जिथं कुणाला लागलेलं नसतं, फक्त लागू शकलं असतं.

आता लागलं असतं तर किती, ते दहावीच्या विज्ञानानं काढू. टक्करीचा जोर वजन गुणिले वेगाचा वर्ग असा वाढतो. माणसासकट सायकल ८५ किलो, वेग ताशी १५. तुमची गाडी मोटारसायकल धरली तर तुमच्यासकट २०० किलो, वेग ५०. गुणाकार करा, तुमचा धक्का जवळजवळ २६ पट येतो. १,२०० किलोची कार ६० च्या वेगात घेतली तर सव्वादोनशे पट. तुमच्या फोटोतल्या त्या माणसानं सिग्नल तोडला तेव्हा डाव पहिल्यांदा त्याच्याच हाडांवर लावलेला होता. तुम्ही तोडला तेव्हा तो दुसऱ्याच्या हाडांवर होता. पाचशे रुपये त्याचे आहेत.

भाचा खोटं बोलत नाही. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथं १ मार्च २०१६ पासून हेल्मेट नसलेल्या सायकलवाल्याचा दंड ७१ डॉलरवरून ३१९ वर गेला आणि लाल सिग्नल तोडल्याचा ७१ वरून ४२५ वर. मोटारवाल्यांच्या बरोबरीनं आणायचं हाच हेतू होता. त्याच दिवशी मोटारवाल्यांवर पण एक नियम आला : सायकलच्या बाजूनं जाताना किमान एक मीटर अंतर सोडा, वेगमर्यादा ६० च्या वर असेल तर दीड मीटर. नाही सोडलं तर दंड तेव्हा ३१९ डॉलर आणि लायसनवर चुकीचे दोन गुण (डिमेरिट पॉइंट). बघा हं, बोडक्या डोक्यानं सायकल चालवणारा आणि दुसऱ्याला घासून मोटार नेणारा, दोघांना रक्कम तीच! गुणांचा फरक सोडला तर तराजूत दोघं सारखे. मला ही बरोबरी पटत नाही. त्यापेक्षा जर्मनी मला शहाणी वाटते. तिथं लाल सिग्नल तोडला तर सायकलवाल्याला ६० युरो आणि मोटारवाल्याला ९०. दंड दोघांनाही आहे, फक्त पायरी वेगळी.

आपल्याकडं सायकलवाल्याला कधीच कुणी धरलं नाही, असंही नाही. माझ्या शाळेच्या दिवसांत, १९७०च्या आसपास, नगरपालिकेचा बिल्ला सायकलला लागायचा आणि अंधार पडल्यावर दिवा. डायनॅमो बिघडला की आम्ही एका हातात बॅटरी धरून सायकल चालवायचो. एकदा मी बिनादिव्याचा, वर डबलसीट, नानलपेठेजवळ हवालदाराच्या तावडीत सापडलो. त्यानं पावती फाडली नाही, वाकून दोन्ही चाकांची हवा सोडली आणि म्हणाला, "हाच तुझा जुर्माना." (जुर्माना हा शब्द आमच्याकडं निजामाच्या राज्यातून उरलेला. जुनी माणसं आजही दंड म्हणत नाहीत.) घरापर्यंत सायकल हातानं ढकलत नेली. तेवढी शिक्षा त्या चुकीच्या मापाची होती, असं मला आज वकिलीत इतकी वर्षं घालवूनही वाटतं.

तुमचं पत्र वाचताना मला सारखी पाथरी रस्त्यावरची एक केस आठवत होती. उसाचा हंगाम. ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं म्हणून ड्रायव्हर ती रस्त्यातच सोडून गेला. मागं ना दिवा, ना लाल कापड. खुणेला चार दगड मांडलेले, तेही ट्रॉलीला चिकटूनच. पहाटे साडेचारला दूध घेऊन येणारा सायकलवाला त्या अंधारात मागून आदळला. ऊस दोन-दोन हात बाहेर आलेला होता, त्यातलं एक कांडं डोळ्याखाली घुसलं. डोळा गेला. दावा मी चालवला. उलटतपासात विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या सायकलला दिवा होता का?" नव्हता. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर? तोही पडून गेलेला. झालं, निकालात 'अंशदायी हयगय' आली, साध्या भाषेत थोडी तुझी पण चूक, आणि भरपाईतला चौथा हिस्सा कापला गेला. दिवा दोघांकडंही नव्हता. ट्रॉलीवाल्याच्या बाजूनं पैसे विमा कंपनीनं भरले, सायकलवाल्याचे त्याच्या स्वतःच्या पदरातून गेले. तुम्ही म्हणता सायकलवाल्याला दंड होत नाही. त्या माणसाचा दंड तुमच्या पाचशेच्या कितीतरी पट होता, फक्त त्याची पावती कुणी फाडली नाही.

तरी एका ठिकाणी मी तुमच्यापुढं अडतो. दोन वर्षांपूर्वी एक सत्तरीची बाई खुब्याला पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत माझ्या ऑफिसात आली. नववीतल्या मुलीनं सायकल धडकवली होती. सायकल सरकारच्या मानव विकास योजनेतून शाळेच्या मुलींना मिळते त्यातली, ब्रेकचे रबर झिजून नुसतं लोखंड राहिलेलं. मोटारसायकलनं उडवलं असतं तर मी त्या बाईला सरळ मोटार अपघात न्यायाधिकरणात नेलं असतं, समोर विमा कंपनी असती. सायकलसाठी ते दार बंद. उरला दिवाणी दावा, तोही मोंढ्यात हमाली करणाऱ्या मुलीच्या बापावर. मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. शेवटी बापानं महिन्याला पाचशे द्यायचं कबूल केलं. सात महिने आले, मग थांबले. बाई अजून काठीवर चालते. तिला काय उत्तर द्यावं हे मला सुचलेलं नाही. पण तिच्या खुब्याला नंबरप्लेटनं काही झालं असतं असं मला वाटत नाही. शाळेत महिन्याला एकदा कुणी ब्रेक बघितले असते, तर झालं असतं.

नंबरप्लेट आणि लायसनचं म्हणाल तर ते कुणावर पडेल, हेही बघा. वाळूजच्या कारखान्यात पाळीला जाणारे, बांधकामावर जाणारे, शाळेच्या पोरी. ज्यांच्याकडं दुसरं काही परवडत नाही म्हणून सायकल आहे, त्यांना आपण आरटीओच्या रांगेत उभं करणार. हजारो रुपयांची गिअरची सायकल घेऊन रविवारी वेरूळला जाणारे हौशी त्या रांगेतून एजंट लावून सुटतील. सिग्नल तोडला तर जागेवर थांबवा, पोलीस कायद्याखाली छोटा दंड करा, माझी ना नाही. अधिकार पोलिसांकडं आजही आहे. ते वापरत नाहीत, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे.

आणि हो, दारूचं राहिलं. पिऊन सायकल चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचं, लागत नाही. दंगा केला तर न्याय संहितेचं ३५५ : चोवीस तासांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. १८६० च्या जुन्या दंड संहितेत हाच दंड दहा रुपये होता, आणि तो २०२४ पर्यंत दहाच राहिला!

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, पंधरा वर्षांची. तिला बॅटरीवरची स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला, लायसन नको, नंबर नको, सायकलसारखीच समजा. खरं आहे का?
— एक पालक, नांदेड

उत्तर : मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर खरं आहे, कायदा तिला मोटार वाहन मानत नाही. पण हे सगळंच एकदम जमलं पाहिजे, एक असून चालत नाही. काही दुकानदार गिऱ्हाईक खूश करायला वेग आवरणारी वायर काढून देतात, मग तीच स्कूटर चाळीसनं पळते. तशी गाडी मोटार वाहन ठरते आणि १९९अ कलम लागतं : अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन नाही. रविवारी मोकळ्या सरळ रस्त्यावर मुलीला पूर्ण मूठ पिळायला लावा आणि तुम्ही मोटारसायकलवर बाजूनं चालून आपला काटा बघा. २५ च्या पुढं गेला तर सोमवारी बिल घेऊन दुकानदाराकडं जा.