‘एवढं पळवतो तरी हायपरच’ : भिंगरीची केस

"ताई, रोज सकाळी पाऊण तास बॉल फेकतो, संध्याकाळी परत अर्धा तास, तरी ही पोरगी थकत नाही, उलट वाढतच चाललीये, आणि क्लासला नेली की अंगात आल्यासारखं करते."

पहिल्या फोनवर हे सगळं एका दमात. मी कुत्र्यांच्या वागणुकीचं समुपदेशन करते, म्हणजे खरं तर कुत्र्यांपेक्षा त्यांच्या माणसांशीच जास्त बोलते, आणि स्पोर्टसाठी म्हणून पिल्लू आणलेली माणसं साधारण याच वाक्याने सुरुवात करतात. म्हणून ही केस लिहितेय. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, पिल्लाचं नावही.

तर भिंगरी, सात महिन्यांची बॉर्डर कोली. घरात सगळं यायचं तिला, बस, थांब, गोल फिर, पायाला हात लाव. पण ॲजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या, मैदानावर दुसरं कुत्रं टनेलमधून पळताना दिसलं की किंचाळायची, लीश चावायची, मग दादांची (तिचे मालक, फोनवाले तेच) बाही, मग जे हाती म्हणजे तोंडी लागेल ते. कुणी सांगितलं ‘ड्राइव्ह (कामाची ओढ) आहे, चांगलंय, वयात आली की बसेल’, कुणी सांगितलं ‘थकवा तिला’. दादांनी दुसरं ऐकलं. आणि मला भेटल्यावर हळूच विचारलं, "शांत बसायला शिकवलं तर तिचा ड्राइव्ह मरणार नाही ना? मग स्पोर्टला काय उरणार?"

खरी काळजी ती होती. बाकीचं सगळं त्या भीतीपायी चाललेलं.

मी आधी व्हेटकडून तपासून घ्यायला सांगितलं, कारण पोट दुखत असेल, सांध्यात काही असेल तरी पिल्लू असंच चिडचिडं होतं आणि आपण ट्रेनिंग ट्रेनिंग करत बसतो. तिथे सगळं ठीक निघालं, मग घरी गेले.

घरी गेल्यावर माझं लक्ष भिंगरीकडे नाही, दादांच्या उजव्या हाताकडे गेलं. दोन बोटांना बँडेज. "ट्रीट देताना लागतं हो, उत्साही आहे ना." म्हटलं द्या बरं एक आत्ता. दिला, तर तिने ओठांनी अलगद उचलला. मग म्हटलं, आता फक्त तो कपाटावरचा बॉल उचलून खिशात ठेवा, फेकू नका, काही नका करू, आणि परत ट्रीट द्या. दिला, आणि कच्चकन दात बोटावर. तीच पोरगी, तोच ट्रीट, मध्ये दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

दादा बोटाकडे बघत राहिले. हा तुमचा थर्मामीटर, मी म्हटलं, बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही यंत्रापेक्षा भारी. ओठांनी घेतेय तोवर डोकं जागेवर आहे, शिकवा. दात लागले की पारा चढलाय, आता जे कराल ते डोक्यात जाणार नाही. आणि ट्रीट घ्यायलाच तयार नाही, नजर पलीकडे चिकटलेली, म्हणजे तुम्ही केव्हाच उशीर केलाय.

दिवसाचं वेळापत्रक लिहून घेतलं तर झोप जेमतेम अकरा तास भरली. या वयाच्या पिल्लाला १६ ते १८ तास लागू शकतात! उरलेल्या वेळात बॉल, ट्रेनिंग, मुलांबरोबर दंगा, खिडकीतून रस्त्यावर पहारा. आता बॉलचं असं आहे की प्रत्येक थ्रोला अंगातून एक लाट जाते, ॲड्रेनलिन चटकन उतरतं पण कॉर्टिसोलला वेळ लागतो, आणि पहिली लाट ओसरायच्या आत आपण दुसरी, तिसरी, चाळीसावी आणतो. पिल्लू थकत नाही, पिल्लाचा स्टॅमिना वाढतो आणि तापलेल्या डोक्याने जगायची रोज पाऊण तास प्रॅक्टिस होते. दादा स्वतः पळणारे आहेत, त्यांना हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे मी हिचीच रेसची तयारी करून घेतोय." हो, आणि तीही वेड्यासारखं ब्रेक न लावता.

ड्राइव्हबद्दल मात्र ते अडून होते, तेव्हा त्यांना उंदरांची गोष्ट सांगितली. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी बिचाऱ्या उंदरांना विजेचे झटके देऊन बघितलं की शिकणं कधी चांगलं होतं. काम सोपं असेल तर झटका जोराचा असला तरी उंदीर शिकले, पण दोन गोष्टींतला बारीक फरक ओळखायचं अवघड काम असेल तेव्हा मध्यम झटक्यावर सगळ्यात लवकर शिकले, त्याच्या वर गेलं की घसरगुंडी. आता ॲजिलिटीत सरळ पळणं हे सोपं काम, ते भिंगरीला शिकवायची गरजच नाही. पण १२ वीव्ह पोल्स, म्हणजे नागमोडी पळत पार करायचे एका रांगेतले खांब, दोन पोल्समध्ये फक्त ६० सेंटिमीटर, पहिला पोल डाव्या खांद्याशी ठेवूनच आत शिरायचं, आणि ते फुल स्पीडमध्ये, हे अवघड काम. तापलेलं डोकं इथे पोल सोडतं, उडीचा बार पाडतं, कॉन्टॅक्टवरून (उतरत्या फळीच्या शेवटी पाय टेकवायचाच असतो तो पट्टा) उडी मारतं. म्हणजे ड्राइव्ह म्हणजे कामाची ओढ, आणि हे किंचाळणं म्हणजे ओढ उतू जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उतू गेलेलं दूध कुणाच्या उपयोगाचं नसतं.

शिवाय घाई कसली आहे? एफसीआयच्या (कुत्र्यांच्या क्लब्जची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात ॲजिलिटी स्पर्धेला कुत्रं १८ महिन्यांचं लागतं. हाडांच्या टोकाच्या ग्रोथ प्लेट्स, जिथून हाड वाढतं त्या, या वयात अजून उघड्या असतात, त्यामुळे पूर्ण उंचीच्या उड्या आणि वीव्हचा रगडा आत्ता नकोच. म्हणजे हातात जवळपास वर्ष होतं आणि ते कशासाठी वापरायचं एवढाच प्रश्न.

बॉल बंद. हे ऐकून दादांचा चेहरा पडला, भिंगरीचा नाही पडला, तिला काय माहीत. दुपारी दोन तास आणि संध्याकाळी एक तास क्रेटमध्ये (तिचा झोपायचा पिंजरा), वरून चादर, चघळायला काहीतरी. फिरायला लांब लीशवर, जिथे हवं तिथे नाक खुपसू दे, तुम्ही फक्त मागे चाला. जेवण वाटीत नाही, गवतात पसरून. पहिले चार दिवस ती क्रेटमध्ये रडली (आधी तिला दार उघडं ठेवून सवय केली होती, एकदम कोंडलं नव्हतं), पाचव्या दिवशी तीन तास झोपली आणि दादांचा घाबरून फोन, आजारी तर नाही ना.

खेळ बंद नाही हां. टग, म्हणजे खेळण्याची रस्सीखेच, ठेवला, पण माझ्या पद्धतीने. पाच सेकंद जोरात टग, मग दादा एकदम दगड, खेळणं मांडीला टेकवलेलं, हात हलायचा नाही. तिने सोडलं, क्षणभर थांबली की लगेच ‘घे’ आणि परत टग. म्हणजे सोडणं हीच पुढच्या टगची चावी. सुरुवातीला सोडायला तिला वीस-वीस सेकंद लागायचे, दोन आठवड्यांनी दादांचा हात थांबायच्या आत तोंड उघडायला लागली. ‘जिंकू दिलं तर डोक्यावर बसेल’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. २००२ साली १४ गोल्डन रिट्रीव्हरवर हेच तपासलं होतं, टग जिंकले म्हणून ते माणसावर वरचढ झाले नाहीत. खुशाल जिंकू द्या.

मॅटचं मात्र फसलं. मॅटवर आडवी झाली की ट्रीट, इतकं सोपं काम, आणि आठवड्याने व्हिडिओ आला तर भिंगरी लांबून धावत येऊन मॅटवर धाडकन आदळतेय आणि भुंकतेय, ‘दे, दे, दे’! बघितलं तर दादा मशिनगनसारखे ट्रीट देत होते, वर "शाब्बास शाब्बास!" करून टाळ्या. मॅटसुद्धा त्यांनी स्पोर्ट करून टाकला. आडवं पडलेलं पिल्लू शांत असतंच असं नाही, जबडा आवळलेला आहे का, डोळ्याच्या बाहुल्या केवढ्या झाल्यात, कंबर एका बाजूला सैल पडलीये का, हे बघायचं. मग बदललं. ट्रीट हातातून नाही, दोन पंजांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा, हळू, तोंडाने काही न बोलता, आणि ती आडवी झाली म्हणून नाही, श्वास सोडला की.

याचं खरं उत्तर त्यांच्या घरातच होतं आणि ते मला तिसऱ्या भेटीत दिसलं. दादांच्या आई पेपर वाचत बसल्या की भिंगरी जाऊन त्यांच्या पायाशी झोपते. मी विचारलं, काय करता हो तुम्ही? "मी? मी कुठे काय करते, मला तिचं काही येत नाही." तेच तर! आईंजवळ काहीच घडत नाही, म्हणून तिथे झोपता येतं. दादा खुर्चीतून नुसते उठले तरी तिला वाटायचं आता काहीतरी होणार, कारण खरंच दरवेळी काहीतरी व्हायचं. मग दादांना रोज वीस मिनिटं आईंसारखं बसायचं होमवर्क दिलं. त्यांना ते भिंगरीपेक्षा जड गेलं.

मग मैदान. आत नाही, गेटच्याही बाहेर, गाडी लावायच्या जागेतून, जिथून बाकीची कुत्री ठिपक्यांएवढी दिसतात आणि ट्रीट ओठांनी घेतला जातो. बघितलंस? ट्रीट. बघून परत माझ्याकडे वळलीस? अजून ट्रीट, जमिनीवर, हुंगून शोध. दहा मिनिटं, घरी. दर खेपेला चार पावलं पुढे, आणि दात लागले की सहा पावलं मागे.

इथे माझी चूक सांगते. पाचव्या आठवड्यात सगळं इतकं छान चाललेलं की मीच म्हटलं चला आज गेटच्या आत. दात किंचित लागले होते, दादा म्हणालेसुद्धा, "ताई, आज बोटाला लागतंय", आणि मी म्हटलं थोडंसं चालतं. दोन मिनिटांत एक कुत्रं भुंकत टनेलमधून सुसाट बाहेर आलं आणि भिंगरीने वळून दादांच्या पोटरीला पकडलं. पँट जाड होती म्हणून व्रणावर भागलं. तिचा राग नव्हता दादांवर, उसळलेलं कुठेतरी बाहेर पडायला हवं होतं आणि पोटरी जवळ होती. आम्ही दोन आठवडे मागे, परत गाडीपाशी. आणि मी माझ्याच थर्मामीटरचं ऐकलं नाही, याचं मला त्या पोटरीपेक्षा जास्त लागलं.

आत्ता ती चौदा महिन्यांची आहे. जमिनीवर ठेवलेले बार, छोटा सरळ टनेल, दोन-तीन वळणं, मग मॅट, मग गाडीत झोप. टनेलमध्ये तिचा वेग कमी झालेला नाही, उलट आता दादा कुठल्या बाजूला वळले हे तिला दिसतं, त्यामुळे बाहेर पडल्यावर भरकटत नाही. शेजारच्या पट्ट्यात फ्लायबॉल (उड्या मारत जाऊन बॉल आणायची कुत्र्यांची रिले शर्यत) सुरू झालं की अजून किंचाळते, तिथे आम्ही अजून जातच नाही. बॉल परत आलाय, दिवसाला चार थ्रो, प्रत्येक थ्रोच्या मध्ये बसणं.

परवा दादांचा मेसेज : "ताई, आज मैदानात टनेलच्या शेजारी बसल्या बसल्या जांभई दिली तिने!!" सोबत तीन हृदयं.

मी लिहिलं, जांभई झोपेची होती की ताणाची? व्हिडिओ पाठवा, आणि बोटाचं सांगा.