मुद्रितशोधनाचं काम सुरू करताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

देवगडला घरी राहूनच मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधण्याचं काम, करायचं म्हणतेस, ते मला मनापासून पटलं. पीडीएफ येते, दुरुस्त्या टिपून परत जाते. त्यासाठी पुण्यात खोली घ्यायला नको. पण पहिलं काम पुण्याच्या प्रकाशकाकडे शोधू नकोस. शाळांच्या स्मरणिका, उत्सवांच्या पत्रिका, काजू-कोकमाच्या पाकिटांवरचा मजकूर, हे तुझ्या आसपासच छापलं जातं आणि पुष्कळदा कुणी नीट न वाचताच. तालुक्यातल्या छापखान्यांत जाऊन ओळख करून घे.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, पाठच हवेत. 'सिंधू' सुटा असला तर दीर्घ, पण समासात 'सिंधुदुर्ग'. आपल्या जिल्ह्याचं नाव तरी तुझ्या हातून चुकीचं जाऊ नये.

मालवणी संवाद आले की मात्र हात आवर. 'माका', 'तुका', 'खंय' हे लेखकाने जाणूनबुजून लिहिलेलं असतं, ते प्रमाण करायचं नाही. तिसऱ्या पानावर 'खंय' आणि चाळिसाव्यावर 'खय' दिसलं, तर पानाच्या कडेला, समासात, प्रश्नचिन्ह कर आणि कोणतं ठेवायचं ते लेखकालाच विचार. एखादं वाक्य तुला जास्त चांगलं सुचलं, तरी ते बदलायचं नाही. ते संपादन झालं. त्याची परवानगी वेगळी आणि पैसेही वेगळे. ही रेघ जो पाळतो त्याच्याकडे लेखक परत येतात, असं माझं ठाम मत आहे.

पैशांचा दर पानावर किंवा फर्म्यावर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यावर, ठरव. फर्मा सहसा सोळा पानांचा, पण पानात मजकूर किती दाटलाय हे पाहिल्याशिवाय आकडा बोलू नकोस. दहा पानं मागव, घड्याळ लावून वाच, मग सांग. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल तर रफार आणि वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात. तिथे दर वाढवून माग. दुसरं प्रूफ, म्हणजे दुरुस्त्या करून पुन्हा तपासायला आलेली प्रत, त्याच पैशांत की वेगळं, हे आधीच लिहून कळव, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, फुकट होते, तीही करून टाक.

दिवाळी अंकांची प्रुफं नेमकी गणपतीच्या आगेमागे येतात आणि तेव्हा आपली घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात. श्रावणातच संपादकांशी बोल, गणपतीचे दिवस वगळूनच तारखा दे.

पहिलं प्रूफ तपासून झालं की तुझ्या खुणांसकट एक प्रत मला पाठव. वाचून फोन करते.

तुझी,
मावशी